उलामिलाचा पाय

सेमेसाच्या डाव्या पायाची जखम वर्ष उलटलं तरी भरेना, आणि त्याला कारण त्याचा दिलदार स्वभाव. आमच्या फिजीत कुणी ‘केरेकेरे’ म्हणून मागितलं, की नाही म्हणायची सोयच नसते. आणि सेमेसाला तर नाही म्हणायची लाज वाटायची. साखरेच्या आजारानं आधी पायाची करंगळी गेली, मग तळव्याला भोक पडलं. दवाखान्यातून कॅप्सूलची पाकिटं यायची आणि गावात निम्मी वाटली जायची. काही मेव्हण्याच्या दाढेला, काही चर्चमधल्या खोकल्यांना, एक तर चक्क शेजारच्या डुकरिणीला. डुकरीण बरी झाली. सेमेसाचा पाय तेवढा वास मारत राहिला.

नर्स उलामिला पलीकडच्या बेटावरची. त्या बेटाचं नि या गावाचं वाडवडिलांपासून थट्टेचं नातं. एकमेकांना वाट्टेल ते बोलावं, घरात शिरून हवं ते उचलावं, रागवायचं मात्र नाही. त्या सकाळी ती जखमेच्या तपासणीचा निकाल घेऊन आली आणि एकही टोमणा न मारता बसली. तिथेच सेमेसानं ओळखलं, बातमी वाईट आहे.

“अर्धवट औषध घेऊन तुझ्या जखमेतले जंतू निर्ढावलेत रे म्हाताऱ्या. साधी औषधं पचवून ढेकर देतात मेले! आता या नव्या कॅप्सूल, हे एकच औषध उरलंय. हेही वाटलंस, तर सुवाच्या मोठ्या दवाखान्यात नेऊन गुडघ्यापासून पाय कापतील.”

ज्याच्या मुळांचं पेय आम्ही पितो, त्या यांगोनाचा डोंगरावरचा आपला मळा सेमेसाला आठवला. एका पायानं तिथे कसं चढायचं? त्याला रडूच फुटलं.

“पण मेव्हणा मागणारच गं! त्याला नाही कसं म्हणू?”

उलामिला उठून दाराशी गेली. मग अंगणातल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडली, “केरेकेरे, सेमेसा! त्या कॅप्सूल मला दे.”

“अगं, तूच तर आणल्यास!”

“आणि हा पायसुद्धा दे.”

अंगणात हशा पिकला. सेमेसानं डोळे पुसून पायाकडे पाहिलं. “एक बोट कमी आहे. चालेल?”

“तुमच्या गावानं धड वस्तू कधी दिलीय कुणाला!”

झालं. दुसऱ्याच दिवशी मेव्हणा गाल धरून हजर. “केरेकेरे, भावजी...”

“माझ्या नाहीत रे बाबा. उलामिलाच्या आहेत, तिच्याकडे माग.”

उलामिला आधी दाढ उपटेल हे मेव्हणा जाणून होता. त्याची कळ वाटेतच थांबली.

सेमेसा अनवाणी निघाला की बायको ओरडायची, “अहो, परक्याचा पाय आहे, चपला घाला!” आणि तोही निमूट घालायचा. स्वतःच्या पायाला त्यानं कधी एवढं जपलं नव्हतं.

जखम भरली. उलामिलानं शेवटची पट्टी सोडली. “घे बाबा तुझा पाय परत.”

“दिलेलं आम्ही परत घेत नाही,” सेमेसा म्हणाला. “माझा होता तेव्हा मी त्याचं काय केलं, पाहिलंस ना? तुझाच राहू दे.”

“नालायक म्हातारा,” ती म्हणाली आणि चप्पल आपल्या हातानं त्या पायात चढवली.