कारखान्यातला दहा दिवसांचा गणपती

माझ्या कारखान्यात रजा मिळत नाही, अशी माझी ख्याती भाईंदरपासून थेट रत्नागिरीपर्यंत पोचली होती. पोचवली माझ्याच माणसांनी. मला स्वतःला कधी रजा मिळाली का, हे मात्र त्यांतल्या एकानेही कधी विचारलं नाही. तो राग माझ्या मनात अजून आहे, आणि तो असा फुकट जाऊ द्यायचा नाही म्हणून हे लिहितोय.

सत्तर सालानंतर भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांचे कारखाने एकामागून एक उभे राहिले. त्यांत माझीही एक पत्र्याची शेड होती. वाट्या आणि पेले. दुसऱ्याच्या पत्रा दाबायच्या प्रेसवर बोटं सांभाळत मी काम शिकलो, मग भंगाराचे सौदे करत वर आलो. घासाघीस केल्याशिवाय मला पाणीही गोड लागत नसे. रजा मागायला आलेला माणूस आणि भंगार विकायला आलेला माणूस, दोघांना मी एकाच नजरेने बघायचो.

"शेठ, आठ दिवस पाहिजेत."

"आठ? लंकेला चाललास काय?"

"मग सहा तरी."

"चार. परवडत असेल तर जा."

तो मान खाली घालून "बरं" म्हणायचा आणि मी रात्री जेवताना बायकोला सांगायचो, आज चार दिवस वाचवले. ती भाकरी वाढता वाढता म्हणायची, "त्याला चारच हवे होते. तुमच्याकडे दुप्पट मागायचं, हे आता शेडबाहेरच्या पानवाल्यालाही माहीत आहे." मी ताट सरकवून उठायचो. उपाशी झोपलो मात्र कधी नाही.

माणसं बहुतेक माझ्याच जिल्ह्यातली. त्यांचा म्होरक्या पॉलिशचं चाक चालवणारा मिस्त्री. त्याचं गाव माझ्या गावापासून खाडी ओलांडली की आलंच. प्रेसवर एक उत्तनचा ख्रिस्ती कोळी होता, होड्या सोडून आमच्याकडे आलेला. गणपतीत सगळे गावी जायचे आणि तो एकटा उरायचा. नेमका तेव्हाच दिवाळीचा माल काढायचा असे. त्यामुळे शेड लावल्यापासून मी गावच्या गणपतीचं तोंड पाहिलं नव्हतं. त्या वर्षी आईला शब्द दिला होता, काही झालं तरी येतो. बायकोमुलांना आधीच पाठवलं. चतुर्थीच्या संध्याकाळच्या एसटीची खिडकीजवळची जागा स्वतः रांगेत उभं राहून घेतली. आता प्रश्न एवढाच होता की मी गेल्यावर चाक फिरत राहायला हवं.

मग मला युक्ती सुचली. ही माणसं गावी जातात ती गणपतीसाठी. मग गणपतीच इथे आणला तर?

मिस्त्रीला बोलावलं. "या वर्षी कारखान्यात गणपती बसवू. सगळा खर्च माझा. पण रजा कोणाला नाही."

मिस्त्रीने कानामागची विडी काढली, पेटवली नाही. "चालेल शेठ. दीड दिवसाचा आणू."

दीड दिवस! माझ्या डोक्यात लगेच हिशेब सुरू झाला. देव दीड दिवसात गेला की ही मंडळी तिसऱ्या दिवशी एसटीत.

"दीड नाही," मी म्हणालो. "दहा."

"पाच करा शेठ. घरगुतीच आहे."

"दहा म्हणजे दहा! कारखान्याचा गणपती आहे, चेष्टा नाही."

"बघा हां," तो म्हणाला. "भटजींसमोर बोलाल तेच खरं."

आयुष्यात पहिल्यांदा मी एखादा सौदा वर वर नेत होतो आणि समोरचा खाली खेचत होता. काहीतरी चुकतंय हे तेव्हाच कळायला हवं होतं. पण जिंकल्यावर मला काही कळत नाही, हा माझा जुना आजार आहे.

शेडमध्ये पक्क्या भिंतींची, न गळणारी खोली एकच, पॉलिशची. मूर्ती मी तिथेच बसवली. चतुर्थीला सकाळी माझ्या हातून पूजा झाली, माझ्या तोंडून दहा दिवसांचा संकल्प झाला. आरतीला कोळ्याने डाग पडलेल्या दोन ताटल्या झांजांसारख्या वाजवल्या. प्रसाद वाटून मी म्हणालो, "चला, आता चाक सुरू करा."

कोणी हललं नाही.

"देवासमोर चाक?" मिस्त्री म्हणाला. "काळं उडतं शेठ. मूर्ती दुपारपर्यंत कोळशासारखी होईल."

"मग देव बाहेर हलवू."

"बसवलेला देव हलवतात?"

सगळे माझ्याकडे असं बघायला लागले, जणू मीच परधर्माचा. पॉलिश बंद म्हणजे माल बंद. "काम नाही तर बसून काय करू? जाऊन येतो गावी," मिस्त्री म्हणाला, आणि त्यात खोट काढायला मला जागा सापडेना.

"ठीक आहे. सगळेच जाऊ. माझीही एसटी आहे."

"तुम्ही कसे येणार? यजमान तुम्ही. देव एकटा सोडून यजमान गावी गेला असं कुठे ऐकलंय?"

मी कोळ्याकडे पाहिलं. "मी हाय ना शेठ सोबतीला," तो म्हणाला. "पन पूजा माझ्या हातची चालंल का, तेवढं इचारा."

मी ओरडलो. काय काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. मग देवासमोर ओरडलो म्हणून कान धरले. माझं तिकीट मिस्त्रीने मागून घेतलं. खिडकीची जागा वाया कशाला घालवायची, असं म्हणाला.

पुढचे दिवस मी दोन वेळा आरती म्हणत, विझत आलेल्या समईत तेल घालत आणि मिठाईवाल्याकडून आणलेल्या पेढ्यांचा नैवेद्य दाखवत काढले. कोळी रोज ताटल्या वाजवायचा आणि मला उत्तनहून आणलेल्या सुक्या बोंबलांबद्दल सांगायचा. खाता येत नव्हते, वास मात्र त्याच्या डब्याला होताच.

विसर्जनाच्या दिवशी सगळे हजर झाले, ताजेतवाने. मिस्त्रीच्या हातात नारळ होता.

"तुमच्या घरचा," तो म्हणाला. "गेलो होतो खाडी ओलांडून. तुमच्या आईने तुमच्या पाटावर बसवून जेवू घातलं. एकवीस मोदक खाल्ले."

"काय म्हणाली?"

त्याने बाकीच्यांकडे पाहिलं. "म्हणाल्या, माझ्या लेकाच्या शेठला निरोप सांग. सणासुदीला तरी माणसाला सोडत जा म्हणावं."

कोळी आधी हसला, मग सगळे. "हसताय काय? मूर्ती उचला!" मी खेकसलो.

खाडीच्या काठावर सगळे घसा ताणून गणपतीला पुढच्या वर्षी लवकर बोलवत होते. मी हात जोडून हळूच म्हणालो, "ये बाबा. पण पुढच्या वेळी दीड दिवसावर भागव."

मिस्त्री शेजारीच उभा होता. ओल्या हाताने त्याने माझ्या कपाळाला गुलाल लावला.

"वाढवता येतं शेठ," तो म्हणाला. "कमी करता येत नाही."