नऊजण जमले होते

अनंतराव गुरुजींच्या नजरेत रूबेन किहीमकर पहिल्यांदा भरला तो मानवतच्या शाळेत, प्रार्थनेच्या वेळी. सगळी शाळा हात जोडून उभी आणि हा दुरुस्तीला आलेला, हौदापाशी पंप उघडून बसलेला. नंतर हटकलं तर म्हणाला, "मी माझ्या बापाच्या देवालाबी हात जोडत न्हाई, गुरुजी. तुमच्यावर राग न्हाई."

बाप अलिबागकडचा बेने इस्रायली ज्यू. कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर म्हणून आला नि इथलाच झाला. तालुक्यात ज्यूंचं हे एकच घर. रूबेन जळालेल्या विजेच्या मोटारींची तार नव्यानं भरून द्यायचा. त्याची नि गुरुजींची दोस्ती जमली ती चहावर आणि वादावर.

तीन वर्षांपूर्वी रूबेनची आत्या अलिबागला वारली. त्याची आई लहानपणीच वारली, तेव्हा या आत्यानं मानवतला येऊन त्याला वाढवलं होतं. आतेभावाचा फोन आला. महिना भरल्यावरच्या प्रार्थनेला दहा ज्यू पुरुष लागतात, त्याशिवाय तिच्या नावानं कद्दिश, म्हणजे गेलेल्या माणसासाठीची प्रार्थना, म्हणता येत नाही. तिथली बहुतेक ज्यू घरं इस्रायलला गेलेली. नऊजण जमले होते.

रूबेनचा पाय दुकानात ठरेना. भरलेली मोटार पुन्हा उकलायचा. बसस्थानकावर जायचा, गाडी लागली की माघारी यायचा.

"त्यांना रूबेन नको हाय, गुरुजी. आकडा पायजे. मी काय मानतो, कुणी इचारलं?"

"मग मी जातो. रोज पूजा करतो, टोपीबी घालतो."

रूबेन हसला. "तुमी देव मानता, तरी चालत न्हाई. मी मानत न्हाई, तरी चालतो. हेच डोक्यात फिरायलंय."

"आत्या काय म्हणली असती?"

"म्हणली असती, आधी जेव."

शनिवारी गुरुजींनी त्याला गाडीत बसवून दिलं. गाडी हलेपर्यंत तो दोनदा खाली उतरला.

मंगळवारी दुकान उघडलं.

"म्हणलास का प्रार्थना?"

"न्हाई. आतेभावाला आधीच सांगितलं, तोंड उघडणार न्हाई. तो म्हणला, नको उघडू, नुसता उभा राहा. राहिलो." रूबेन उगीच पाने-पकडी हलवत राहिला. "आत्याचं नाव घेतलं तवा मान खाली गेली. देवासाठी न्हाई बरं का."

"मी कुठं काय म्हणलो?"

तेव्हापासून तिकडे दहावा माणूस कमी पडल्याचा फोन आला की रूबेन जातो. यंदा दोनदा जाऊन आला. प्रार्थना तो अजून म्हणत नाही.