सहा खाचांचा खांब

ही गोष्ट मी तोंडाने कधी बोललो नाही. बायकोजवळ नाही, भावाजवळ नाही. देवासमोर हात जोडतानासुद्धा मी हिला वळसा घालून पुढे जातो — नको असलेला ओळखीचा माणूस दिसला की आपण रस्ता ओलांडतो ना, तसा. आज लिहितोय. आजच का? ते मलाही नीट सांगता येत नाही. हात लिहिता आहे तोवर लिहून टाकावं, एवढंच.

आधी जहाजांबद्दल सांगतो. सांगावंच लागेल. आणि खरं म्हणाल तर जहाजांबद्दल बोलायला मला आवडतं, म्हणजे मूळ गोष्ट तेवढी लांबते.

मी चित्रकलेचा मास्तर. शहाद्याजवळच्या शेतकरी घरातला, पण नोकरीची अकरा वर्षं वर डोंगरात, मोलगीच्या अंगाला एका आश्रमशाळेत काढली. नंतर खाली बदली झाली, आता निवृत्त आहे. लाकडाची छोटी जहाजं करतो. खेळण्यातली नव्हेत — खाली कणा, त्यावर बरगड्या, बरगड्यांवर एकेक फळी, मग डोलकाठ्या, शिडं, शिडांच्या दोऱ्या. एका जहाजाला आठ-आठ महिने लागतात. समुद्र मी जन्मात दोनदा पाहिलाय, तोही शाळेच्या सहलीबरोबर, पोरं मोजता मोजता. आमच्याकडे पाणी म्हणजे तापी, आणि वर डोंगरापलीकडे नर्मदा. गल्लीतले अजून विचारतात, “गुरुजी, हाई जहाज तापीमा कधळ सोडशात?” मी हसतो. विचारणारे बदलले, प्रश्न तोच आहे.

माझी एक सवय सांगतो. कुठलंही लाकूड हातात आलं की करवत लावण्याआधी मी ते वहीत उतरवतो. लांबी, जाडी, गाठ कुठे, चीर कुठे, कधीकाळी खिळा मारला असेल तर तो कुठे — सगळं इंचात, पाव इंचापर्यंत. शाळेतही ही वही माझ्या काखेत असायची. पोरं मागून चिडवायची, सर जेवायच्या आधी भाकरीचंही माप घेतात म्हणून. चिडवू द्या. बाकी माणूस म्हणून माझ्यात काय काय खोट असेल ती असेल, पण मापाच्या बाबतीत मी खोटं बोलत नाही — असं मी मिरवायचो. चारचौघांत मिरवायचो.

आमच्या आश्रमशाळेत वेस्तादादा स्वयंपाकी होता. माझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठा, भिल्ल, नर्मदेच्या काठच्या गावचा. घरी त्यांची बोली वेगळी, पण माझ्याशी तो माझी अहिराणी बोलायचा, आणि माझ्याहून गोड बोलायचा. पहिल्या वर्षी मला ताप आला तेव्हा याच माणसाने पंधरा दिवस मला पेज पाजली. होळीला तो मला त्याच्या गावी घेऊन जायचा. अर्धा दिवस पायी उतरायचं, मग नदी दिसायची, मग कुडाचं त्याचं घर.

त्या घराच्या मधोमध सागाचा एक खांब होता. चुलीच्या धुराने काळा कुळकुळीत झालेला, वेस्ताच्या बापाच्याही आधीचा. त्या खांबावर जमिनीपासून दोन-अडीच फुटांवर सहा खाचा होत्या. वेस्ताची बायको जामीबाई, तिने विळ्याने केलेल्या. पोर पहिल्यांदा खांबाला धरून उभं राहिलं की त्याच्या डोक्याशी एक खाच. सहा पोरं, सहा खाचा. त्यातली चार जगली. सुमी आणि दित्या ही दोन गेली, वर्ष-दीड वर्षाची असताना. त्यांचा फोटो नाही, कपडा नाही, कागद नाही. होळीच्या सकाळी जामीबाई तेलाचं बोट सहाही खाचांना लावायची. चार खाचांना भरभर. त्या दोघांच्या खाचांवर बोट जरा थांबायचं. मी हे माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. खांब काय होता ते मला माहीत नव्हतं असं मला म्हणता येणार नाही.

पुढे धरणाचं पाणी चढलं आणि गाव जायची वेळ आली. माणसं घरं उसवून, लाकूडफाटा खांद्यावर घेऊन वर आली. वेस्ताला तळोद्याकडच्या वसाहतीत जागा मिळायची होती, मिळाली नव्हती. वासे, पाटे त्याने नातेवाइकांकडे ठेवले. खांब मात्र जीपच्या टपावर बांधून माझ्याकडे आणला. तोवर मी बदली होऊन खाली आलो होतो. “हाऊ तुमनाकडे ऱ्हाऊ द्या, गुरुजी. तुमले लाकूड समजस. घर उभं ऱ्हायनं का लई जासू.” मी म्हणालो, काळजी करू नको. मागच्या पडवीत आडवा ठेवला, खाली विटा लावल्या, वर गोणपाट टाकलं. त्या दिवशी माझ्या मनात काही नव्हतं. हे खरं आहे, आणि त्याने काही हलकं होत नाही.

आता लाकडाचं सांगतो. आमच्याकडचा वैशाख तुम्हाला माहीत असेल. नवा साग कितीही वाळवा, त्या उन्हात तो आकसतोच. त्याआधीची माझी दोन जहाजं उकललेली — सात महिन्यांचं काम, आणि एका दुपारी फळी फळीपासून सुटलेली. पन्नास-साठ वर्षं चुलीवर धुरी घेतलेला साग मात्र हलत नाही. वाकत नाही, चिरत नाही, आणि वाळवी त्याला तोंड लावत नाही. डोंगरातलं शेंबडं पोरही हे जाणतं.

त्या वर्षी शिक्षकांच्या हस्तकलेचं प्रदर्शन नंदुरबारला भरणार होतं. मी गुराब करायला घेतलं होतं — मराठ्यांच्या आरमारातलं तीन डोलकाठ्यांचं लढाऊ जहाज, अडीच फुटी. कणा घातला, बरगड्या बसवल्या, आणि एका सकाळी पाहतो तर कण्याला इकडून तिकडे चीर. सहाच महिने उरलेले. मी पडवीत गेलो. गोणपाट काढलं. नुसता हात फिरवायला, असं स्वतःला सांगितलं.

पहिल्या दिवशी फक्त वरचा तुकडा कापला, जिथे आढं बसतं तो. वीतभरच. वेस्ताला कळलं तर म्हणू टोक फाटलं होतं. माणूस असाच घसरतो का? का मी आधीच घसरलो होतो आणि पाय नंतर हलले? वरच्या तुकड्यात गाठ निघाली. कणा तर सलग लागतो, जोड चालत नाही. आणि त्या आख्ख्या खांबात गाठ नसलेली सरळ अडीच-तीन फुटांची लांबी एकच होती — खाली, जिथे खाचा होत्या तिथे.

कापण्याआधी मी वही काढली. सवय. जमिनीची रेघ खांबावर स्पष्ट होती, कारण धुराचा काळा रंग तिथून वर सुरू व्हायचा. त्या रेघेपासून मी सहाही खाचा मोजल्या, चित्र काढलं, प्रत्येक खाचेपुढे माप लिहिलं. कुठली कोणाची ते मला ठाऊक होतं, म्हणून नावंही लिहिली. सुमी. दित्या. नावं लिहूनसुद्धा हात थांबला नाही. मग करवत चालवली. मग रंधा. खाचा काही खोल नव्हत्या. चार हातांत लाकूड गुळगुळीत झालं, आणि ढलप्या मी बंबात घातल्या.

गुराब सुंदर झालं. ते म्हणायला नको खरं, पण झालं. शाल मिळाली, नारळ मिळाला, पेपरात फोटो आला. आज त्याला कितीतरी वैशाख झाले, एक फळी उकललेली नाही.

दोन वर्षांनी वेस्ता आला. घर उभं राहिलं होतं. हातात आमचुराची पिशवी, माझ्यासाठी. मी त्याला खुर्ची दिली आणि सांगितलं, दादा, खांबाला वाळवी लागली. भुगा झाला. शेवटी जाळावा लागला.

वाळवी. धुराच्या सागाला. आणि सांगतोय कोणाला, तर त्या धुरात जन्मलेल्या माणसाला. दुसरं काही सुचलं नाही मला? चोरीला गेला म्हणायचं, पुरात गेला म्हणायचं. शहाणा माणूस खोटं बोलायला लागला की किती अडाणी होतो पाहा. बायको चहा घेऊन दारात उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं, कप ठेवले आणि आत गेली. तिने कधी विचारलं नाही, मी कधी सांगितलं नाही. घरातली बाकीची जहाजं ती पुसते. त्या गुराबाची काच त्या दिवसापासून मी पुसतो.

वेस्ताने कप उचलला. चहा बशीत ओतून प्यायला. मग म्हणाला, “गया तं गया, गुरुजी. वाळवीले काय कळस.” उठताना त्याने कपाटातल्या गुराबाकडे पाहिलं. जवळ गेला. काचेला नाक लागेल इतका वाकला. “मस्त शे,” म्हणाला. “पाणीमा टाकू नका याले.” मला कळलं की त्याला कळलंय. त्यालाही कळलं असणार की मला कळलंय. दोघं दारापर्यंत पावसापाण्याच्या गोष्टी बोलत गेलो.

इथवर चोरी झाली आणि खोटं झालं. एवढंच असतं तर कदाचित मी हे लिहिलं नसतं. लपवलेलं ते नाही. ते पुढे आहे.

पुढच्या होळीला त्याने मला वसाहतीत बोलावलं. मी गेलो — न जाऊन कसं चालेल, चोराच्या मनात चांदणं. पत्र्याचं घर, सिमेंटचे खांब. मधल्या खांबावर जामीबाईने चुना फासून जागा पांढरी करून घेतली होती. तिला खाचा परत हव्या होत्या. सिमेंटवर विळा चालत नाही, म्हणून रेघा. आणि रेघा सरळ याव्यात म्हणून चित्रकलेच्या मास्तरला बोलावणं. चार पोरं आता बाप्ये-बायका झालेली, समोर उभी होती. जामीबाई एकेकाकडे बघून हात धरायची, मी पेन्सिलने रेघ मारायचो. ती चारही मापं तिने अंदाजाने सांगितली, कुणाला त्यात काही अडलं नाही. जिवंत माणसाची खाच चुकली तर काय बिघडतं?

मग ती थांबली. मांडीजवळ हात नेला, सुमी इथवर यायची म्हणाली. मग हात वर घेतला. मग खाली. म्हातारी कमरेत वाकली होती, त्यामुळे तिला तिच्याच अंगावरचं माप सापडेना. दित्याच्या वेळी तर ती नुसती खांबाकडे बघत राहिली.

तेव्हा वेस्ता माझ्याशेजारी येऊन बसला. कोणाला ऐकू जाणार नाही असं बोलला. “गुरुजी, तुमले सवय शे ना वहीमा लिखानी. या दोन खाचासनं माप कोठे लिखेल व्हई का?”

खांब त्याने मागितला नाही. खांबाचं काय केलं हेही विचारलं नाही. ते सगळं त्याने सोडून दिलं होतं, वाळवी म्हणून गिळून टाकलं होतं. त्याला दोन आकडे हवे होते. आणि ते माझ्या पाठीवरच्या पिशवीत होते, त्याच वहीत, हाताच्या अंतरावर. मी नुसतं म्हणायचं होतं — तू खांब आणून ठेवलास त्याच दिवशी मोजून ठेवलं होतं. एवढ्या खोट्याने माझी अब्रूही राहिली असती आणि त्याचं कामही झालं असतं. पण वही उघडली तर त्या पानावर करवतीच्या खुणाही आखलेल्या होत्या. ते पान मला दाखवायचं नव्हतं. पान झाकूनही आकडा सांगता आला असता, हे मला घरी आल्यावर सुचलं नाही, तिथेच सुचलं होतं.

मी म्हणालो, “नाही, दादा. मोजायचं राहून गेलं.”

तो हं म्हणाला. जामीबाईने शेवटी कुठेतरी हात टेकवला आणि म्हणाली, इथे मारा. त्या जागा चुकीच्या आहेत हे मला ठाऊक होतं. मी पट्टी लावली आणि रेघा मारल्या — सरळ, एकसारख्या, त्या घरात माझ्याइतकी सरळ रेघ कोणाला मारता आली नसती. तिने तेलाचं बोट लावलं. बोट त्या दोन रेघांवर थांबलं. मग मला जेवायला वाढलं, आणि मी जेवलो.

वेस्तादादा परवाच्या थंडीत गेला. मी मातीला गेलो होतो. जामीबाईला आता दिसत नाही. होळीला ती खांब चाचपते, सून तिचा हात धरून रेघांवर नेते, असं तिचा थोरला सांगत होता. उद्या जाऊन सांगतो, असं मी इथे लिहिणार नाही. मागच्या होळीलाही मी तेच म्हणालो होतो, त्याच्या आदल्या होळीलाही.

वही समोर आहे. पान उघडं आहे.

त्या सिमेंटच्या खांबावर मी सुमीची रेघ मारली एकोणतीस इंचांवर, दित्याची तीसवर.

सुमी सव्वासव्वीस इंच होती. दित्या साडेसत्तावीस.