पान्याची आखूड बाजू

शेंद्र्याच्या कारखान्यात माझ्यासारखा नट आवळणारा दुसरा नव्हता. मी आवळलेला नट खोलायला तिघं लागायचे आन तिघंबी मला शिव्या द्यायचे, तेवढं सोडा.

आमची सून देवगाव रंगारीची. लग्नानंतर इथं एका क्लबात छऱ्याची बंदूक शिकली. बंदूक टेबलावर टेकवायची, दुर्बिणीतून बघायचं आन लांबच्या कागदावर नेम धरायचा, असा खेळ. एका साली संघात जायची थोडक्यात राहिली, तर आठ दिस धड जेवली नव्हती. पुढच्या साली निवड रविवारी होती.

शनिवारी नवी दुर्बीण बसवायची होती. मी तिला क्लबात सोडायला गेलेलो. ती म्हणली, "मामा, सर येऊ द्या." सर म्हणजे फौजेतून रिटायर झालेले हवालदार, तेच शिकवायचे.

मी म्हणलं, "अगं, दोन कड्या आन आठ इस्क्रू. त्याला फौज कशाला?"

आधी एका बाजूचे चारी गच्च केले, मग दुसऱ्या बाजूचे. काटकोनात वाकलेला बारका पाना, तो पुरंना म्हणून त्याच्यावर पाईप घातला. कर्र वाजलं. मला वाटलं, आता बसली!

पोरीनं दहा छर्रे मारले. भाकरीवर तीळ टाकावे तसे कागदभर सांडले. तिनं माझ्याकडं बघितलं आन कागद उतरवून त्याची घडी घातली. दोन शब्द बोलली असती तर बरं वाटलं असतं.

हवालदार आले. दुर्बिणीला डोळा लावला आन म्हणले, "काका, दुर्बीण बसवली का चरकात घातली?"

नळी दबली होती. एका इस्क्रूची खाच पार गुळगुळीत. मी खाली बघत उभा. आता हाकलतेत, असंच वाटलं.

तर त्या माणसानं सोताच्या बंदुकीवरची दुर्बीण कड्यांसगट काढली, कड्या ढिल्या करून सुनंच्या बंदुकीवर ठेवली आन पाना माझ्याच हातात दिला. "घ्या. बसवा."

"मी?"

"मग कोण? लांब टोक इस्क्रूत घाला, आखूड टोक दोन बोटांत धरा. आता जोर लावून दावा."

लावणार कुठून! आखूड टोकाला जोरच पोचत नाय. एक इस्क्रू जरासा, मग समोरच्या कोपऱ्यातला जरासा, असं फिरत गेलो. कडीच्या दोन्हीकडची फट सारखी ऱ्हायली पाहिजे, म्हणून तेनी लग्नपत्रिकेचा तुकडा घालून दाखवला. समोरच्या लिंबाच्या फांदीला ओळंबा टांगला आन दुर्बिणीतली उभी रेघ त्या दोरीशी जुळवली.

"बोटाला लागलं की थांबायचं, काका."

इतकी वर्सं कारखान्यात काढली, आवळ म्हणणारे लई भेटले. थांब म्हणणारा हा पहिला.

सुनंनं नेम लावून घेतला. पाच छर्रे बोराएवढ्या जागेत गेले. रविवारी ती संघात गेली. हवालदारांनी ती दुर्बीण सालभर मागितली नाय. त्या माणसाचं नाव निघालं की अजून माझे हात आपोआप जोडले जातेत.

त्या रविवारी मातर घरात शिरतानाच मी वरडलो, "माझ्या हातची दुर्बीण! पोरगी निवडली!"

बायको मोरीतून म्हणली, "नेम तिचा, दुर्बीण त्या हवालदाराची. तुमचा निस्ता पाना. तो घिऊन इकडं या आन काल आवळलेला नळ खोला, सकाळधरनं माझी आंघूळ ऱ्हायलीय."