तक्त्यावरचं पहिलं चित्र

सुलभाताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी चौक गावच्या कंपनीत, स्टोअरमध्ये बेअरिंग मोजत होतो. सकाळी पळसदरीला घरीच छातीत दुखायला लागलं, कर्जतला नेईपर्यंत संपलं, असं त्यांच्या भावाने सांगितलं. मी मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू केली. तीनदा केली, तिन्ही वेळा वेगळा आकडा आला... त्याला आता सात आठवडे झाले. दुःख थोडं निवलं आहे. राग निवलेला नाही.

माझी मुलगी रेवा नऊ वर्षांची आहे. तिला ऐकू येतं, सगळं कळतं, पण बोलता येत नाही. ती पाच वर्षांची असताना सुलभाताई पहिल्यांदा आमच्याकडे आल्या. अशा मुलांना चित्रांवरून सांगायला शिकवण्यासाठी त्या गावोगाव जात. आल्या त्या घरभर फिरून मोबाइलवर फोटो काढत बसल्या. आमचा तांब्या, आमची चटई, दारातला पेरू, माझ्या आईची काठी. छापील चित्रं मिळतात की, असं मी म्हटलं, तर म्हणाल्या, त्या चित्रातला काचेचा ग्लास हिनं कधी बघितलाय? पुढच्या खेपेला ते फोटो लॅमिनेट करून, मागे वेल्क्रो लावून, लाकडी तक्त्यावर बसवून आणले. मी मोजले, चोवीस होते. पहिलं चित्र म्हणजे आडवा धरलेला पंजा. नको. पहिलं पाणी असायला हवं, असं माझं मत पडलं.

"पाणी तर तुमी न मागता द्याल, दादा. नको हाय, ते तिनं सांगितल्याबिगर तुमाला कसं कळणार?"

रेवाने तो पंजा लगेच उचलला. भात नको, वेणी नको, कडेवर घेणं नको. गौरीला घर पाहुण्यांनी भरलेलं असताना माझी मोठी बहीण तिला प्रसाद भरवायला गेली, तर हिने तक्ता पुढे धरून पंज्यावर बोट ठेवलं. सगळे हसले. बहीण मात्र म्हणाली, एवढं शिकवून पोरीला हेच शिकवलंस का रं? मला लाज वाटली. पुढच्या रविवारी मी वहीत रेघा ओढत मोजलं. दिवसभरात सदतीस वेळा नको. मी ते चित्र काढून कपाटात ठेवलं.

त्यानंतर आम्ही तिला नवे बूट आणले. रोज सकाळी ती बुटाच्या चित्रावर बोट ठेवायची. आम्ही शाब्बास म्हणायचो आणि बूट घालायचो. ती रडायची, ओरबाडायची, आम्ही रागवायचो. हे अकरा दिवस चाललं. बाराव्या दिवशी सुलभाताई आल्या, त्यांनी तिचा मोजा खाली केला. टाचेला पू झाला होता. मग तक्त्यावरच्या रिकाम्या जागेकडे त्यांचं लक्ष गेलं. चित्र का काढलं ते मी सांगितलं, वहीसुद्धा दाखवली.

"तिचं 'नको' मोजलंत," त्या म्हणाल्या. "तुमी सोता दिवसात किती येळा नाय म्हणता, ते कधी मोजलंय का, दादा?"

मी मोजलं नव्हतं. कपाटातून पंजा काढून मी परत पहिल्या जागी बसवला.

पुढे रेवा खालापूरकडच्या शाळेत जायला लागली. तक्त्यामुळे मूल बोलायचा आळस करतं, असं तिथल्या मुख्याध्यापकांचं म्हणणं. म्हणून तास सुरू झाला की तक्ता कपाटात. सुलभाताई त्यांना समजवायला नऊ वेळा गेल्या. चार वेळा मी बरोबर होतो. दर वेळी बाहेरच्या बाकावर तासभर बसवून ठेवलं. त्याच शाळेने त्यांची शोकसभा घेतली. फलकावर लिहिलं होतं, 'मुक्यांना वाचा देणाऱ्या ताई'. वाचा मी देत नाय, ती पोरांकडं हायेच, हे त्या उभा जन्म सांगत आल्या. मुख्याध्यापक अकरा मिनिटं बोलले, त्यात तक्ता हा शब्द एकदाही आला नाही. रेवाला एक मिनिट पुढे येऊ द्या, असं मी म्हटलं. ते म्हणाले, वेळ नाही हो, आणि ती बोलणार काय? मग दोन मिनिटं स्तब्धता. मीही मुकाट उभा राहिलो, त्याचा राग वेगळाच. त्या शांततेत रेवाच्या बोटाची टकटक ऐकू येत होती. तक्त्याच्या शेवटच्या ओळीत सुलभाताईंचा फोटो आहे, हेल्मेट काढताना हसत असलेला. त्यावर. पुन्हा त्यावरच...

गेल्या रविवारी आई म्हणाली, गेलेल्या माणसाचा फोटो हार घालून भिंतीला लावावा, लेकराच्या रोजच्या हाताळण्यात ठेवू नये. मलाही वाटलं, ही रोज बोलावणार आणि कोणी येणार नाही, कशाला ते? मी फोटोचा कोपरा धरला. वेल्क्रो करकरला. रेवाने माझं मनगट धरून बाजूला केलं आणि पहिल्या चित्रावर बोट ठेवलं.

मी फोटो दाबून परत बसवला. या खेपेला वही काढली नाही.

तक्ता शाळेत अजूनही कपाटातच जातो. ताईंच्या नऊ खेपा झाल्या होत्या. दहावी माझी, येत्या सोमवारी. तक्ता रेवाच्या हातात असेल, आणि आम्ही बाकावर बसणार नाही.