डेन्मार्कच्या दोन खुर्च्या

आधीच सांगते, माझा असल्या गोष्टींवर कधीच विश्वास नव्हता. सांगलीत ज्युनिअर कॉलेजला फिजिक्स शिकवते. या ग्रुपवरचे भुताखेतांचे अनुभव वाचते ते बहुतेक वेळा हसायलाच... आणि आज मीच लिहायला बसलेय. हसा खुशाल.

माझे आजोबा, म्हणजे आईचे वडील, कराडजवळ साखर कारखान्यात इंजिनिअर होते. मशिनरीच्या ट्रेनिंगला डेन्मार्कला गेले आणि येताना बोटीनं दोन खुर्च्या घेऊन आले. लोक परदेशातून घड्याळं आणायचे, यांनी खुर्च्या आणल्या! सागवानी, बुटक्या, हात असे गुळगुळीत की उगाच कुरवाळत बसावं. बैठक मात्र कागदाला पीळ देऊन केलेल्या दोरीची. माणूस टेकला की ती एकदाच लांबट कुरकुरते — उसाच्या वाळल्या पाचटावर पाय पडावा तशी. म्हातारपणी आजोबांनी त्या वाटून दिल्या. एक साताऱ्याच्या मामाला, एक आईला.

आजोबा कराडातच गेले. निरोप मिळताच आई सांगलीहून निघाली, पण वाटेत उसाची ट्रॉली उलटून रस्ता अडला होता. ती पोचली तेव्हा माणसं नदीवरून परत येत होती. मामा तिच्यासाठी थांबला नव्हता. आईनं सगळ्यांदेखत त्याला सांगितलं, "दादा, तासभर थांबला असतास तर बाबांचं तोंड दिसलं असतं मला. आता तुझं नगं दावूस."

तेव्हापासून बोलणं बंद. वर्षानुवर्षं. सांगली-सातारा काय लांब आहे हो? पण दोघंही हट्टी.

आमची खुर्ची हॉलमध्ये खिडकीशी असते. रोज दिवेलागणीला आई देवापुढं दिवा लावून बाहेर आली, की ती रिकामी खुर्ची कुरकुरायची. एकदाच, कुणी टेकावं तशी. मी समजावून सांगायचे — ऊन उतरतं, हवेतला ओलावा बदलतो, कागद ताणला जातो. आई सगळं ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "असंल. पर तिकडं दादा बसला बघ." तिचं म्हणणं, जोडीच्या खुर्च्या आहेत, तिकडं तो बसला की इकडं कळतं. स्वतः कधी त्या खुर्चीत बसली नाही, कुणाला बसू दिलं नाही. टीव्ही बंद करून शेजारी प्लास्टिकच्या खुर्चीत बसून राहायची. "मामाला चहा टाकू का?" म्हणून मी चिडवायचे. ती हसायची नाही.

गेल्या वर्षी मी खुर्चीचा फोटो नेटवर टाकला. कुणीतरी कळवलं, ही तिकडच्या फार मोठ्या डिझायनरची आहे (नाव मला अजून नीट उच्चारता येत नाही), आणि जोडी मिळणं तर दुर्मीळच. झालं, मला हाव सुटली! साताऱ्यात मीटिंग आहे अशी आईला थाप मारली आणि मामाकडे गेले.

मामा घरात एकटाच होता. खूप थकला होता. "ये गं पोरी," म्हणाला, जणू कालच भेटलो होतो. गप्पा मारता मारता संध्याकाळ झाली. मी उठून सहज त्या खुर्चीत बसायला गेले तर ओरडलाच — "आगं, तिथं नगं! शालनची यायची येळ झाली."

शालन म्हणजे माझी आई.

मी तशीच उभी राहिले. आणि ती रिकामी खुर्ची कुरकुरली.

"बसली बघ," मामा म्हणाला. "माझ्याशी बोलत न्हाई, पर ती तिकडं बसली की हितं कळतंय. रोज येती. म्हणून मी कवा बसत न्हाई त्यात."

मी तिथूनच आईला फोन लावला. मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, "थांब जरा, आत्ताच दादा बसलाय."

मी मामाला सांगितलं, आई तर त्या खुर्चीत कधीच बसत नाही. तुझ्यासाठी रिकामी ठेवते. मामानं खुर्चीकडे बघितलं. "मग बसतंय कोण गं?" आणि मग अगदी हळू, "माझ्यासाठी ठेवती व्हय..." डोळ्यांतून पाणी वाहत होतं त्याच्या. खुर्ची मागायचं माझ्या लक्षातही राहिलं नाही.

घरी येऊन आईला सगळं सांगितलं आणि रविवारी तिला साताऱ्याला घेऊन गेले. आमची खुर्चीही गाडीत घातली, कारण "जोडी लागू दे एकदा" म्हणून आईच हटून बसली. दोघं शेजारी शेजारी बसले. खुर्च्या कुरकुरल्या, या वेळी खऱ्या माणसांच्या वजनानं.

"थांबाया पायजे हुतं मी," मामा म्हणाला.

"जाऊ दे रं दादा," आई म्हणाली. एवढंच. मग डेन्मार्कहून आल्यावर आजोबांनी आजीला काट्या-चमच्यानं भाकरी खायला लावली होती, ते आठवून दोघं पोट धरून हसत होते.

आमची खुर्ची परत आणून खिडकीशी ठेवली, पण त्या रविवारनंतर ती रिकामी असताना एकदाही कुरकुरली नाही. मामाचीही नाही, तो फोनवर सांगायचा. खिडकी तीच, दोरी तीच, ओलावा तोच. मग बदललं काय?

थंडीत मामा गेला. या वेळी सगळे थांबले. "शालन आल्याबिगर हलवायचं न्हाई" असं त्यानं मुलाला बजावून ठेवलं होतं. आईनं त्याचं तोंड पाहिलं, गालावरून हात फिरवला. नंतर मामेभावानं त्याची खुर्चीही आमच्याकडे आणून दिली.

आता जोडी आमच्या हॉलमध्ये आहे. मला हवी होती ना... आई अजून दिवा लावते, टीव्ही बंद करते आणि दोन रिकाम्या खुर्च्यांसमोर बसते. आम्ही दोघी ऐकतो. काहीच येत नाही ऐकू.

परवा म्हणाली, "भांडण हुतं तवर रोज येत हुता गं."

तेव्हा कोण बसत होतं आणि आता का बसत नाही, मला खरंच माहीत नाही. हल्ली त्या वेळेला मी मिक्सर लावत नाही, इतकंच.