काटोलला मशीन आल्यावर

माझे बाबा दोन वर्षं दर मंगळवारी आणि शुक्रवारी काटोलहून बसने नागपूरला यायचे. किडन्या गेल्या होत्या, डायलिसिसशिवाय इलाज नव्हता, आणि काटोलला तेव्हा ती सोय नव्हती. सदरमधल्या ज्या रुग्णालयात मी नोकरी करते, तिथेच त्यांना मशीन लागायचं. डायलिसिस तिसऱ्या मजल्यावर, माझं ऑफिस पहिल्यावर. आमच्या संस्थेची आसपासच्या तालुक्यांत छोटी रुग्णालयं आहेत. त्या सगळ्यांचं वर्षभराचं काम गोळा करून वार्षिक अहवाल लिहायचा, ही माझी नोकरी.

डायलिसिस चार तास चालायचं. जेवणाची सुट्टी आणि साहेबांनी न मागता दिलेली थोडी सवलत मिळून दीडेक तास मी बाबांजवळ स्टुलावर बसायचे. लग्न होऊन नागपूरला आल्यापासून ते असे एका जागी मला कधी सापडलेच नव्हते. जन्मभर त्यांनी काटोलच्या मंडीत संत्री छाटली, लहान-मोठी, बरी-वाईट वेगळी केली. फळ तळहातावर आलं की ते कोणत्या ढिगात जाणार हे हातालाच कळायचं. घरी येईपर्यंत बोलायचं त्राण उरत नसे. आता एक हात मशीनला जोडलेला, उठून जाणार कुठे? ते बोलायला लागले. आईला बघायला गेले तेव्हा पायातल्या चपला चुलतभावाच्या होत्या आणि अंगठा बाहेर येत होता म्हणून ते पूर्ण वेळ पाय पोटाशी घेऊन बसले होते, हे मला चाळिशीत, त्या स्टुलावर कळलं.

संत्री त्यांना बंद केली होती. तरी हंगामात सिस्टरांसाठी पिशवी भरून आणायचे. मला म्हणायचे, "सोल न वं माह्यासमोर. वास घ्यायले कोन्या डॉक्टरनं मनाई केली?" मी सोलायचे, फोडी खायचे, आणि ते साल नाकाशी धरून डोळे मिटायचे.

एका शुक्रवारी परत जाताना बसमध्ये त्यांचा बीपी उतरला. त्यांच्या फोनवरून कंडक्टरचा फोन आला. "ताई, तुमचे बाबा काही बोलून नाही राहिले."

नवऱ्याच्या गाडीवर बसून मी काटोल रोडने निघाले. वाटेतल्या एका गावात लोकांनी त्यांना दुकानाच्या ओट्यावर झोपवून पाय उंच करून ठेवले होते. मी पोहोचले तेव्हा ते उठून बसले होते आणि जमलेल्या माणसांची माफी मागत होते. "माह्याच्यानं बस थांबली," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होते.

मी म्हटलं, "बाबा, आता आमच्याकडेच राहा." ते ऐकेनात. काटोलला माझा भाऊ, वहिनी, त्यांची मुलं होती. "मले माह्याच खाटेवर झोप लागते वं," म्हणाले.

त्या सुमारास डायलिसिसची नवीन मशीनं कुठे बसवायची यावर संस्थेत चर्चा चालू होती. मी एक टिपण लिहिलं. काटोलकडून किती लांबून रुग्ण येतात, मशीनवरून उठल्यावर बसमध्ये उभं राहावं लागलं तर काय होतं, बस थांबवून एका माणसाला ओट्यावर कसं झोपवावं लागलं. तो माणूस माझा बाप आहे, हे मात्र लिहिलं नाही. संचालकांनी ते वाचलं आणि पुढच्या पावसाळ्याआधी काटोलच्या आमच्या रुग्णालयात मशीनं लागली.

त्या वर्षीच्या अहवालात ही सगळ्यात मोठी बातमी होती. रुग्णांचं मनोगत हवं होतं, म्हणून मी बाबांनाच फोन केला.

"लिही," ते म्हणाले, "आता बस नाही लागत. पोरगा गाडीवर सोडून देते. मशीनवरून उठलो का अर्ध्या घंट्यात घरी. लय सोय झाली."

"अजून काही?"



"पोरगी नाही भेटत आता. पन हे नोको लिहू."

मी नाही लिहिलं. "प्रवासाचा त्रास वाचला" एवढं छापलं, बाजूला त्यांचा हसरा फोटो.

रविवारी मी काटोलला जायचे. पण रविवारी घर भरलेलं. टीव्ही, मुलं, येणारे-जाणारे. बाबा विचारायचे, "जेवली का?" आणि मग आम्हाला काही सुचायचं नाही. एकदा मंगळवारची रजा टाकून थेट काटोलच्या रुग्णालयात गेले. मला बघून रागावले. "काहून आली वं? सुट्टी वाया घालवतं!" आणि लगेच टेक्निशियनला सांगायला लागले, "माही पोरगी हाये. सदरले हापिसात असते. हे मशीन हिनंच आनलं." मला लाज वाटली. मग मात्र चारही तास बोलत होते.

दर महिन्याला एक मंगळवार यायचं, असं मी ठरवलं. जमलं तीनदा.

दीड वर्ष त्यांनी काटोलला काढलं. प्रवासाची दगदग गेल्याने तब्येतही सुधारली होती. मग एका हिवाळ्यात, पहाटे, स्वतःच्या खाटेवर झोपेतच गेले. भाऊ म्हणतो, त्या मशीनमुळे बाबा इतके दिवस जगले. ते खरं आहे. टिपण आज लिहायचं झालं तर मी तसंच लिहीन, एकही शब्द बदलणार नाही. पण तेव्हा लिहिताना आठवड्यातले माझे दोन वार मी देऊन टाकतेय, हे एकदाही मनात आलं नव्हतं.

अहवालाच्या कामासाठी तिसऱ्या मजल्यावर अजूनही जावं लागतं. परवा एका म्हाताऱ्या बाईजवळ तिची मुलगी बसली होती, मोबाइल बघून बघून कंटाळलेली. तिने मला विचारलं, "ताई, अजून किती टाइम राहिला असंन हो?"

मी मशीनकडे बघितलं. "अर्धा तास."

"बरं झालं," ती म्हणाली आणि पिशवी आवरायला लागली.